पाटलाला पाजलेलं पाणी

आमच्या मंडळीत नवा पाद्री आला की कुणीतरी त्याच्या कानाला लागतं आणि एखाद्या रविवारी मला पुढं बोलावलं जातं. "बाबा, त्या पटकीच्या साथीचं सांगा. वैऱ्यावर प्रीती कशी करायची ते आमच्या पोरांना कळू द्या." मी उठत नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगतो. मग पाद्रीच सांगतो, आणि त्याच्या तोंडून ती गोष्ट इतकी गुळचट होऊन बाहेर पडते की माझी मलाच ओळखू येत नाही. तिच्यात मी डोळ्यांत पाणी आणून पाटलाच्या उशाशी बसलेला असतो. खोटं आहे. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

मी मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत गेलो, पुढं बाच्या हाताखाली दोर वळायला बसलो. शुद्धलेखन मला कुणी विचारू नये. पण जे झालं ते झालं तसं लिहिण्यापुरती अक्षरं मला येतात. नावं लिहिणार नाही. त्याला कारण आहे, ते पुढं कळेल.

आमचं गाव कवठे महांकाळच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यातलं. पाऊस आमच्याकडं पाहुण्यासारखा यायचा आणि न जेवता जायचा. प्यायच्या पाण्याला सगळ्या गावात एकच आड. आम्ही जातीनं मांग. बा घायपात ओढ्यात कुजत घालायचा, झोडून त्याचा वाख काढायचा आणि दोर वळायचा. बैलाच्या कासऱ्यापासून मोटेच्या नाड्यापर्यंत गावातला एकूण एक दोर त्याच्या हातचा. आडाचा दोरही त्याचाच. नवा दोर वळून झाला की बा तो लांब ठेवून मागं सरायचा. पाटलाचा गडी त्यावर चार थेंब शिंपडायचा. झाला दोर शुद्ध. वळणाऱ्यावर कितीही पाणी ओतलं असतं तरी तो झाला नसता.

आडाच्या अलीकडं एक पांढरा धोंडा होता. आमची हद्द तिथं संपायची. धोंड्याजवळ घागर ठेवायची, मागं उभं राहायचं, आणि पाणी शेंदणाऱ्या कुणाला तरी दया येईपर्यंत वाट बघायची. दया आली की ते वरून ओतायचे. नाही आली तर ऊन डोक्यावर यायचं.

मी लहान असतानाच बा आणि आई ख्रिस्ती झाले. गावात पटकी आली की मरीआईचा गाडा ओढून वेशीबाहेर न्यायचं काम आमच्या घराकडं होतं, ते बानं सोडलं. त्याचा राग गावानं मनात धरला. धोंड्याजवळ आमची घागर सगळ्यांच्या शेवटी भरायला लागली. मग कधी कधी भरेनाशी झाली.

एका उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण तापानं फणफणली होती. घरात पाण्याचा टिपूस नाही. बा सकाळीच घागर घेऊन धोंड्याजवळ गेला, मी त्याच्याबरोबर. बायका आल्या, शेंदलं, गेल्या. कुणी आमच्याकडं बघेना. आडासमोरच पाटलाचा वाडा, त्याच्या ओट्यावर पाटील पान लावत बसला होता. बायका का बघत नव्हत्या ते त्याच्याकडं बघितल्यावर कळत होतं. दुपार झाली तसा बा हात जोडून म्हणाला, "आवं पाटील, पोरगी तापलीया. एक घागर वाढायला सांगा."

पाटील पानाची शीर काढत म्हणाला, "मला कशाला सांगतूस? तुज्या येशूला सांग की शेंदायला."

ओट्यावरचे सगळे हसले. बानं घागर उचलली, धोंडा ओलांडला, आडावर चढला आणि स्वतः वळलेल्या दोरानं स्वतः पाणी शेंदलं. माझ्या आयुष्यात मी माणूस इतका सरळ चालताना दुसऱ्यांदा पाहिला नाही. ओट्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. आम्ही घरी आलो, बहिणीला पाणी पाजलं. ती जगली. आज तिला नातवंडं आहेत.

दिवस मावळायच्या आत पाटील दोन गडी घेऊन आला. त्यानं आवाज चढवला नाही. "ज्या हातानं शेंदलं तो हात," एवढंच म्हणाला. गड्यांनी बाला धरलं आणि कुऱ्हाडीच्या दांड्यानं उजवा हात मनगटाच्या वर मोडला. पाटील उभा राहून बघत होता. मीही बघत होतो. तो निघाला तेव्हा त्याचं धोतर माझ्या तोंडाला घासून गेलं, तेवढा तो जवळ होता.

हात वाकडा सांधला. वाकड्या हातानं दोर वळत नाही. बा दोनेक पावसाळे जगला आणि गेला. ताप होता म्हणतात. मी म्हणतो, हात होता. जाताना मला म्हणाला, "त्यांच्यासाठी प्रार्थना करत जा." मी मान हलवली नाही. मरणाऱ्यासमोरही मी खोटी मान हलवणाऱ्यातला नाही.

त्यानंतर आई मला आणि बहिणीला घेऊन मिरजेला आली. मिशनच्या एका दवाखान्यात आईला आयाचं काम लागलं आणि मला स्ट्रेचर उचलायचं. ती लढाईची वर्षं. रॉकेलला रांग, साखरेला रांग. पण दवाखान्याच्या आवारात नळ होता. कुणीही जावं, तोटी फिरवावी, घागर भरावी. आई पहिले काही दिवस नळापासून लांब घागर ठेवून उभी राहायची. शेवटी एक नर्स म्हणाली, "अहो मावशी, नळ काय तुमच्याकडं चालत येणार आहे?" तेव्हा ती लाजून पुढं झाली.

आवाराला उंच भिंत होती. मला त्या भिंतीच्या आत लय बरं वाटायचं. आत आमची माणसं, बाहेर जग. ती भिंत आणखी हातभर उंच केली असती तर मी फुकट दगड वाहिले असते. आमचा पाद्रीबाबा मात्र त्या भिंतीवर खार खाऊन होता. म्हातारा, नगरकडचा माणूस. दर रविवारी त्याचं एकच. "मीठ बरणीत झाकून ठेवलंत तर बरणी खारट होईल काय? कालवणात पडा." आम्ही हो हो म्हणायचो आणि भिंतीच्या आत जेवायला जायचो.

एका उन्हाळ्याच्या तोंडाला मांगवाड्यातला माझा चुलता दवाखान्याच्या दाराशी येऊन बसला. पाय सुजलेले, ओठ फुटलेले. "गावात पटकी लागलीया," म्हणाला. "वाडा न्हाई, घर न्हाई, समद्यांत शिरलीया. मढ्यामागं मढं चाललंय." दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी लगेच सामान बांधायला घेतलं. त्यांना गावाची माहिती असलेला माणूस हवा होता. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी म्हणालो, "मला गाव म्हाईत हाय, म्हणूनच मी जाणार न्हाई."

पाद्रीबाबा म्हणाला, "प्रभूनं जगात जा म्हणून सांगितलंय, बाळा."

"जग लय मोठं हाय, पाद्रीबाबा. मला म्हसवडला धाडा, जतला धाडा. तेवढं एक गाव सोडून कुठंबी धाडा."

"आपल्याला आवडेल तेवढंच जग त्यानं धरलं असतं, तर त्याला मरावं तरी कशाला लागलं असतं?"

मला राग आला. पाय आपटत खोलीवर आलो तर आई लुगड्याचं गाठोडं बांधत होती.

"आये, ह्यो काय परकार?"

"डॉक्टरबाईबरुबर निगाले."

"तितं? बाच्या हाताचं इसरलीस व्हय?"

आईनं गाठ मारली, दातानं आवळली. "त्यो हात माज्या नवऱ्याचा व्हता. तुज्यापरीस मला जास्त आठवतूय."

"मग?"

"मग काय मग? माणसं मराय लागल्यात. तू ऱ्हा की हितं, नळापाशी."

ते 'नळापाशी' मला झोंबलं. तरी मी गेलो तो आईसाठी गेलो असं कुणी समजू नये. प्रभूसाठी गेलो असं तर मुळीच नाही. खोलीच्या दारात उभं राहून माझ्या मनात एवढंच आलं की पाटील आता भ्यालेला असेल. भ्यालेला पाटील मी कधी बघितला नव्हता. मला तो बघायचा होता.

छोट्या आगगाडीनं कवठे महांकाळपर्यंत आणि पुढं बैलगाडीनं आम्ही गावात आलो. डॉक्टरबाईंनी चावडीत दवाखाना मांडला. मग आडावर गेल्या, आत वाकून बघितलं, कोण कोण कशानं पाणी काढतं ते विचारलं. ज्या हातांनी घरातली घाण धुतली जात होती तेच हात दोराला लागत होते, आणि त्याच दोरावरून घाण आडात उतरत होती. बाईंनी आडात जांभळी पूड टाकायला लावली, पाणी डाळिंबी झालं. जुने दोर आणि बादल्या जाळायला लावल्या. मग जमलेल्या लोकांना सांगितलं, "आजपासून आडावर एकच बादली, एकच दोर आणि एकच माणूस. बाकी कुणी आडावर चढायचं नाही. घागर घेऊन लांब उभं राहायचं, तो वाढेल."

"कोण वाढणार?" कुणीतरी विचारलं.

बाईंनी माझ्याकडं बोट केलं. त्यांच्या मनात काहीच नव्हतं. हात धुवायचं मला माहीत होतं आणि माझ्या घरात रोगी नव्हता, एवढाच त्यांचा हिशेब. पण गावाच्या तोंडावर राख फासल्यासारखं झालं.

पाटील पुढं आला. केस पिकले होते, मिशा तशाच. माझ्याकडं बघितलंच नाही, बाईंशी बोलला. "ह्यो मांगाचा. ह्येचं काम मरीआईचा गाडा वढायचं हाय. ह्येच्या हातचं पाणी प्यायचं? त्यापरीस पटकी बरी."

बाई म्हणाल्या, "बरी वाटत असेल तर नका पिऊ. पण आडावर दुसरं कुणी चढलं तर मी पोलीस बोलावीन."

पाटील गेला. त्याच्या मागोमाग सगळे गेले. मी आडावर एकटा बसलो, बाच्या पायाखाली होता त्याच दगडावर. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मग एक धनगराची म्हातारी डोक्यावर मडकं घेऊन आली, वर बघत म्हणाली, "वाढ रं पोरा. घरात दोघं पडल्यात. मराय टेकल्यावर जात कुटं ठिवू? मडक्यात जागा न्हाई."

मी वाढलं. ते बघून दुसरी आली, तिसरी आली, बघता बघता रांग लागली. बाईंनी लांब उभं राहा म्हणून सांगितलं होतं, किती लांब ते सांगितलं नव्हतं. ते मी ठरवलं. म्हणालो, "धोंड्याच्या पल्याड. समद्यांनी." आणि अख्खं गाव पांढऱ्या धोंड्यामागं घागरी ठेवून उभं राहिलं. कुलकर्ण्याचं घर, वाण्याचं घर, ज्या गड्यांनी बाला धरलं होतं त्यांची पोरं. मी खाली उतरायचो, वरून ओतायचो, परत चढायचो. घाई करत नव्हतो. ऊन त्यांनाही कळायला पाहिजे होतं.

पाटलाचा गडी चकचकीत पितळी घागर घेऊन आला. मी म्हणालो, "ही मागं घे. पाटलाला सांग, सोता यायचं. धोंड्यापाशी हुभं ऱ्हायचं. मग वाढीन."

"येडा हायस काय रं? पाटील येतील व्हय हितं?"

"मग त्येंच्या देवाला सांग शेंदायला."

रांगेतल्या दोघा-तिघांनी खाली बघितलं. त्यांना आठवत होतं. गडी घागर घेऊन परत गेला. डॉक्टरबाई चावडीत होत्या, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गडी पुन्हा आला, पुन्हा रिकामा गेला. मग कळलं की पाटलाच्या घरी मळ्यातल्या विहिरीचं पाणी जातंय. मळ्याच्या वर ओढा, ओढ्यावर सगळं गाव धुणी धूत होतं, रोग्यांचीसुद्धा. त्या पाण्यात काय असणार ते मला कळत होतं. मी आईला सांगितलं नाही, बाईंना सांगितलं नाही. लोक मला विचारतात की तेव्हा तुमच्या मनात काय होतं. हेच होतं. हट्टाला हट्ट. त्याचा मोठा की माझा, ते बघायचं होतं.

तिसऱ्या दिवशी गडी आला नाही. पाटलाची सून आली. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, काखेत तीच घागर. धोंड्याजवळ येऊन थांबली आणि म्हणाली, "मामंजी पडल्यात. सकाळधरनं ढाळ थांबंना झाल्यात. गडी पळून गेला. पाणी वाढा."

मी कठड्यावर उभा होतो. मला हवं होतं ते आता कधीच होणार नव्हतं. पाटील धोंड्याजवळ उभा राहणार नव्हता, तो आडवा झाला होता. आणि माझ्या पायात काय शिरलं होतं कोण जाणे, मला खाली उतरता येईना. मी म्हणालो, "सोता यायला सांगा."

"आवं, कसं येतील? डोळं आत गेल्यात त्येंचं."

"मला ठावं न्हाई. माजा बा तापल्या पोरीसाठी हितं हुभा व्हता. त्योबी सोताच आला व्हता."

ती बाई तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. रांगेतली माणसं आपापल्या घागरीत बघू लागली. बोलायला तोंड कुणाला होतं?

तेवढ्यात चावडीकडून आई आली. कुणी जाऊन सांगितलं होतं की तिनं लांबून पाहिलं, मला माहीत नाही. तिनं सुनेच्या काखेतली घागर घेतली, धोंड्याजवळ ठेवली, दोन पावलं मागं सरली आणि हात पोटाशी धरून उभी राहिली. माझ्या लहानपणभर ती जशी उभी राहायची, अगदी तशी. मान थोडी वाकडी. नजर जमिनीवर.

मी ओरडलो, "आये, बाजूला हो!"

"वाढ पाणी. मी हुबी हाय."

"ती पाटलाची घागर हाय."

"मला दिसतंय की. ह्याच घागरीच्या पाण्यावर सुईण म्हणून मी त्येच्या लेकाच्या येळचं बाळंतपण केलंया. पोराला पयला हात माजा लागला, आन बाराव्याला त्येंनी घर धुतलं. मला सांगतूस व्हय घागर कुणाची त्ये?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुला कुणालातरी हुबं करायचं हाय न्हवं? मी हाय हुबी. किती येळ ऱ्हाऊ सांग."

अख्ख्या गावासमोर माझी आई पाटलाच्या पाण्यासाठी माझ्यासमोर उभी होती, आणि वाट बघायला लावणारा मी होतो. मला तिचा इतका राग कधी आला नव्हता. तिनं माझा सूड माझ्याच हातून हिसकून घेतला होता, तोही हात न लावता. मी उतरलो. घागर भरली. काठोकाठ नाही, गळ्यापर्यंतच. तेवढं मी माझं राखलं.

आईनं घागर उचलून डोक्यावर घेतली. "आता चल," म्हणाली. "डॉक्टरबाई त्येच्याकडंच निगाल्यात. बाटली धराय माणूस न्हाई."

आडावर चुलत्याला बसवून मी तिच्यामागं गेलो. पाटलाच्या वाड्याच्या पुढच्या दारातून मी पहिल्यांदाच आत शिरलो. सोप्यात पाटील घोंगड्यावर पडला होता. मिशांखेरीज त्याचं काही उरलं नव्हतं. गाल बसलेले, हाताची कातडी धुतलेल्या कपड्यासारखी चुरगळलेली, पायात गोळे येऊन तो तळमळत होता. बाईंनी शीर शोधली, सुई घातली आणि मिठाच्या पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. "उंच धर. हलू नको." त्या दुसऱ्या घरी गेल्या. जाताना म्हणाल्या, "शुद्धीवर आला की चमच्या-चमच्यानं पाणी पाज. थांबू नको."

आई त्याची घाण काढत होती. सून चुलीवर पाणी उकळत होती. मी बाटली धरून उभा. हात भरून आला, खांदा पेटला, तरी हलवला नाही. बाटलीतलं पाणी थेंब थेंब पाटलात उतरत होतं आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. मला ओळखलं. मी ज्यासाठी मिरजेहून आलो होतो ते त्याच्या डोळ्यांत आलं. पाटील भ्याला.

"माराय आलास?" त्याचा आवाज वाळल्या पाल्यासारखा होता.

"न्हाई. जगवाय आलोय."

मी बाटली आईच्या हातात दिली, उकळून गार केलेलं पाणी चमच्यात घेतलं आणि त्याच्या ओठाला लावलं. त्यानं दात घट्ट मिटले. मला आधी वाटलं, जात आठवली. पण नाही, त्याला विषाचं भय होतं. त्याच्या जागी मी असतो तर मलाही असतं. मी चमचा माझ्या तोंडाला लावला, त्याच्या डोळ्यांदेखत प्यालो. मग तोच चमचा भरून त्याच्यापुढं धरला.

आता त्याच्यापुढं दोनच वाटा होत्या. मांगाचं उष्टं पाणी, नाहीतर मरण. सून दारात उभी राहून बघत होती. आई बघत होती. आणि पाटलानं तोंड उघडलं.

मी पाजत गेलो. प्रत्येक चमच्याला वाकून त्याच्या कानात म्हणायचो, "दोर वळणाऱ्याचा ल्योक. ध्यानात हाय न्हवं? हात मोडलेल्याचा ल्योक." तो डोळे मिटून घ्यायचा आणि तोंड उघडायचा. एकदा पुटपुटला, "मरू दे मला." मी म्हणालो, "असा न्हाई मरू देणार." पाद्री लोक यालाच माझी प्रीती म्हणतात. त्यांनी म्हणावं. मला माहीत आहे की तो मेला असता तर सुटला असता, आणि मला त्याला सोडायचं नव्हतं.

पण एक लिहितो, कारण तेही खरं आहे. मन निवळेपर्यंत थांब आणि मग वैऱ्याच्या दारी जा, असं जर ठरलं असतं तर मी अजून त्या भिंतीच्या आत बसलो असतो आणि पाटील मातीत. देवानं माझं मन निवळायची वाट बघितली नाही. आईलाही बघू दिली नाही. माझा हात लागत होता, तो त्यानं घेतला. मनाचं त्याचं तो बघेल.

पाटील जगला. साथ ओसरली. आमच्या मांगवाड्यातली चार माणसं गेली, गावातली त्याहून जास्त गेली, पण आम्ही आल्यापासून आकडा उतरत गेला हे गावच म्हणत होतं. डॉक्टरबाईंनी आड सगळ्यांना पुन्हा मोकळा केला. आम्ही गाडीत सामान भरलं.

गाडी आडाजवळून निघाली तर तिथं गर्दी. आड शुद्ध करायचं चाललं होतं. उपसून पाणी बाहेर फेकत होते. गोमूत्राची कासंडी, नारळ, हळद. माझी बादली आणि माझा दोर कुणीतरी काठीनं ढकलत उकिरड्याकडं नेला होता. ज्यांना मी पाणी वाढलं होतं तेच लोक. ती धनगराची म्हातारी तेवढी एका बाजूला बसली होती. आणि समोर ओट्यावर अंगावर घोंगडी घेऊन पाटील. हडकलेला, पण बसलेला. त्याच्याच हुकमानं चाललं होतं.

माझ्या डोळ्यांपुढं लाल झालं. मी गाडीतून उडी मारली. चमच्याचं फक्त चौघांना माहीत होतं. तो, मी, आई आणि सून. मी चौकात उभा राहून एक वाक्य ओरडलो असतो की, आड धुतलात, आता पाटलाच्या पोटातलं माझं उष्टं कशानं धुणार, तर पाटील त्याच दिवशी गावातून उठला असता. त्याच्या नातीची सोयरीक मोडली असती. पंक्तीला कुणी शेजारी बसलं नसतं. शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते. आई गाडीतून ओरडली, "पोरा, माघारी ये!"

मी ओट्याकडं चालत गेलो. गर्दी बाजूला झाली. पाटलाला कळलं मी कशाला येतोय. त्यानं घोंगडी गळ्यापर्यंत ओढून घेतली. मी ओट्याच्या पायरीवर चढलो, त्याच्या कानाशी वाकलो आणि हळू म्हणालो, "पाटील, घाबरू नगा. मी कुणाला सांगणार न्हाई. तुमी जित्तं हाय तवर न्हाई." आणि हात जोडून खाली उतरलो.

लोकांना वाटलं, मांगाच्या पोरानं निघताना पाटलाला रामराम घातला. पाटलाला मात्र कळलं. त्यानं माझ्याकडं बघितलं तसं सापडलेलं जनावर बघतं. बाच्या हाताचं उत्तर मला त्या नजरेत मिळालं, आणि ते मला लय गोड लागलं. आजही लागतं.

पुढल्या उन्हाळ्यात चुलता मिरजेला आला तेव्हा नवलानं सांगत होता. पाटलानं आडावर एक गडी बसवला होता. सकाळी सगळ्यांत आधी धोंड्यामागच्या घागरी भरायच्या, मग गावच्या. कुणी कुरकुर केली तर पाटील ओट्यावरून म्हणायचा, "भर म्हटलं न्हवं?" चुलता म्हणाला, "पटकीनं लय मऊ झाला बघ त्यो." आईनं डोळे मिटून प्रार्थना केली. मला ठाऊक होतं. तो मऊ झाला नव्हता. त्याला रोज सकाळी मी आठवत होतो. भयानं का होईना, घागरी भरत होत्या, पोरं तहानेनं तळमळत नव्हती. पाटील अजून बराच जगला. मी शब्द पाळला. आता तो नाही, त्याची सूनही नाही, तरी मी नाव लिहीत नाही. माझा शब्द माझाच आहे.

साथ कुठंही उठली की पुढं वर्षानुवर्षं मी डॉक्टरबाईंबरोबर जात राहिलो. आटपाडीकडं, जतकडं, माणदेशात. प्रत्येक गावात आडावर मीच चढायचो. मुद्दाम चढायचो. आम्ही निघालो की कुठं कुठं आड धुवायचे. धुवा म्हणायचो. मी पुन्हा येईन.

त्या दिवशी गाडी वेशीबाहेर पडल्यावर आईनं विचारलं होतं, "कानात काय बोललास रं त्येच्या?"

मी म्हणालो, "काय न्हाई. घाबरू नगा म्हणलं."

तिनं माझा हात धरला आणि मिरज येईपर्यंत सोडला नाही. तिला वाटलं, मी क्षमा केली. जाईपर्यंत ती तसंच समजून होती. शेजारणींना सांगायची, "माज्या लेकानं बापाचा शब्द राखला." मी तिचं म्हणणं कधी खोडून काढलं नाही. पण क्षमा मी केली नव्हती. आता मी वर गेल्यावर तिला कळेल, आणि ती रागावेल. रागावू दे. बाला मात्र मी विचारणार आहे की पाणी पाजलं एवढं पुरे होतं की नाही.